शेवटची पायरी आधी

जून १९९६. नोकरीचा पहिला आठवडा. समोर नऊ वर्षांचा मुलगा, त्याची आई आणि टेबलावर एक छापील फॉर्म. नाव, वय, बुद्ध्यांक, झटके येतात का, औषधं कोणती, असं सगळं विचारून झालं की फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: ‘पालकांची अपेक्षा’. मी विचारलं. आई बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “आल्या-गेल्या माणसाला पाणी द्यावं बघा त्यानं. येवढंच.”

मी ते लिहून घेतलं. ओळीत नीट बसलं. आणि त्या वर्षीच्या त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमात, ज्याला आम्ही सगळे आयईपीच म्हणतो, मी उद्दिष्ट घातलं: अंक १ ते २० ओळखणे व लिहिणे.

मी तेवीस वर्षांची होते. पुण्यातून विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करून सांगलीजवळच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या एका शाळेत रुजू झाले होते. पाणी देणं ही मला घरातली गोष्ट वाटली, शाळेची नव्हे. शाळा म्हटलं की पाटी, वही, फळा. तपासणीला येणारे साहेब वह्या मागायचे. मुलाच्या वडिलांनाही वहीच बघायची असायची. तरी दोष त्यांच्यावर ढकलत नाही. वही हातात धरून दाखवता येते, म्हणून मलाही वहीच हवी होती.

मुलांची नावं इथे लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी आपलं नाव कुठे नि कशासाठी छापलं जाणार हे त्यातल्या कितीजणांना समजावता येईल, याची मला खात्री नाही.

नऊ वर्षांत तो मुलगा १ ते १०० लिहायला शिकला. अक्षर घोटीव, ओळ सोडायचा नाही. २००५ मध्ये अठरा पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे शाळा सुटली. निरोपाला आम्ही त्याला पेन दिलं.

वर्षभरानंतर गणपती पेठेत कापडाच्या दुकानात दोघं मायलेक दिसले. त्याला लघवीला लागली होती. आई दुकानदाराला खालच्या आवाजात काहीतरी विचारत होती. मग एकोणीस वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलाचा हात धरून ती त्याला गोदामामागे घेऊन गेली, कारण त्याला पँटची चेन आणि हूक काढता येत नव्हता. परत आले तेव्हा त्याने मला पाहिलं. काय आनंद झाला त्याला! दुकानदाराच्या बिलबुकाची पाठकोरी पावती ओढून घेतली आणि उभ्या उभ्या १ पासून लिहायला लागला. शंभरपर्यंत. आई कौतुकाने दुकानदाराकडे बघत होती. मी तिथे थांबले, हसले, शाबास म्हणाले. रात्री मला झोप लागली नाही.

हूक काढायला शिकवता आलं असतं. कसं शिकवायचं ते मला येतही होतं. डिप्लोमाच्या पहिल्याच सत्रात शिकवतात.

एखाद्याला बटण लावायला शिकवायचं तर आपण पहिल्यापासून सुरू करतो. शर्टाच्या दोन्ही बाजू जुळव, बटण चिमटीत धर, काजाशी ने, अर्धं सरकव, दुसऱ्या हाताने ओढून घे. आमच्या मुलाचं पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच अडतं, आणि तेवढ्यात गाडी यायची वेळ झालेली असते, म्हणून उरलेलं आई भराभर उरकते. मुलाच्या वाट्याला रोज काय येतं? अडणं, आणि कुणीतरी हातातून काम काढून घेणं. असं पाच-सहा वर्षं झालं की तो हात पुढे करायचंच सोडतो. म्हणून उलटीकडून शिकवायचं. सगळं आपण करायचं, बटण काजातून जवळजवळ बाहेर काढून ठेवायचं आणि शेवटचा ओढा तेवढा त्याचा. बटण लागलं. त्याने लावलं. तो ओढा पक्का झाला की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे सोपवायची, मग त्याच्या आधीची. मूल रोज काम पुरं करूनच उठतं. पुस्तकात याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. आम्ही आपसात ‘शेवटची पायरी आधी’ असं म्हणतो.

मदतीचा हातही असाच मागे घ्यायचा असतो. आधी शिक्षिकेचा हात मुलाच्या हातावर, मग मनगटावर, मग कोपराला नुसता टेकलेला, मग खांद्यावर. त्यानंतर ती मागे उभी आणि हात हवेत. रजिस्टरमध्ये आम्ही पूर्ण शारीरिक मदत, अंशतः मदत, खूण, शब्द, स्वतः असं लिहितो. एका मुलीला स्वतः घास उचलून तोंडात घालायला शिकवताना मनगटापासून कोपरापर्यंत यायला सात महिने लागले होते. त्या वीतभर अंतराइतकी प्रगती मोजायची नजर ज्या शिक्षिकेला येते ती टिकते. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती माझ्यासमोर येऊन बसते आणि म्हणते, बाई, काहीच होत नाहीये. मी तिला सल्ला देत नाही. जूनचं रजिस्टर काढते, फेब्रुवारीचं काढते, आणि दोन्ही तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेते.

२००६ मध्ये मी मुख्याध्यापिका झाले. मुलांच्या भाषेत ‘मोठ्या बाई’. खुर्चीवर बसल्यावर कळलं की या पदावरचा बहुतेक वेळ अनुदानाचे प्रस्ताव, हजेरीचे गोषवारे, आरक्षणाची बिंदुनामावली आणि दुरुस्तीला आलेल्या गाडीत जातो. शाळा म्हणवून घेत असलो तरी आम्ही शालेय शिक्षण विभागात नव्हतो. आमचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे होता, जिल्ह्याला समाजकल्याण अधिकारी. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. तो व्हायलाच हवा होता. पण तालुक्यातल्या इतर शाळांचे शिक्षक एका सभेत बसतात आणि आम्ही दुसऱ्या, हे मला आजही खुपतं. आमच्या मुलांचं शिक्षण हे कल्याणकार्य समजलं गेलं की शिकवण्याच्या दर्जाबद्दल कुणी आम्हाला कडक प्रश्न विचारत नाही. मला ते प्रश्न विचारले जायला हवे होते. १९९६ मध्येच.

ते कुणी विचारेनात, म्हणून आम्हीच एक प्रश्न ठरवला. प्रत्येक मुलाच्या फाईलच्या पहिल्या पानावर तो लिहिलेला असतो: तिसाव्या वर्षी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, हा मुलगा किंवा ही मुलगी काय करत असेल, कुठे आणि कुणाबरोबर? उत्तर लिहायचं आणि तिथून उलटं मागे यायचं. तिसाव्या वर्षी एकट्याने अंघोळ करायची असेल तर पंधराव्या वर्षी काय यायला हवं, दहाव्या वर्षी काय, या वर्षी काय.

सगळ्यांना हे लगेच पटलं नाही. बालगटाच्या शिक्षिका म्हणाल्या, “सहा वर्षांच्या मुलाची आई अजून डॉक्टर बदलत असते, बाई. तिला तिसाव्या वर्षाचं विचारणार तुम्ही?” त्यांचं बरोबर होतं. म्हणून तो प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. आईला विचारतो, “दिवसभरात ह्याच्यासाठी तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?” उत्तर जवळपास नेहमी एकच असतं, संडास. त्याच्या खालोखाल जेवण आणि झोप. अंक आजवर एकीनेही सांगितलेले नाहीत.

आमच्याकडे मूल्यमापनासाठी अनेक वर्षं जी पद्धत वापरली गेली ती मद्रासला तयार झालेली. अठरा क्षेत्रं, प्रत्येकात वीस बाबी, एकूण ३६०. स्थूल हालचाली, सूक्ष्म हालचाली, जेवण, कपडे, स्वच्छता, शौच, समजणं, बोलणं, इतरांशी वागणं, घरकाम, परिसराची ओळख, फावला वेळ, कामधंदा. वाचन, लेखन आणि अंक ही अठरापैकी फक्त तीन. वेळ आणि पैसा धरले तर पाच. हे कोष्टक माझ्या टेबलावर पहिल्या दिवसापासून होतं आणि दरवर्षी मी ते भरतही होते. तरी नऊ वर्षं मी त्या तीन खिडक्यांतूनच आत डोकावत राहिले.

एक वडील, स्वतः माध्यमिक शिक्षक, माझ्या केबिनमध्ये संतापून आले होते. “मी पोराला शाळेत घातलंय, तुम्ही त्याला भांडी घासायला शिकवताय.” त्यांचा राग मला समजतो. दुसऱ्याच्या मुलांना शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाच्या हातात घासणी बघवत नाही. आणि मी वाचनाच्या विरुद्ध मुळीच नाही. आमची डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी ‘मिरज’ हा शब्द फोडून वाचू शकत नाही, पण बसच्या पाटीवर तो दिसला की तिला ओळखतो. तिच्या वाचनाचा अभ्यासक्रमच मिरज, सांगली, स्त्रिया, पुरुष, धोका, बंद असा होता. तिच्याच वर्गातला एक मुलगा भराभर वाचायला लागला तेव्हा आम्ही त्याला गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसवून आलो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सहा ते अठरा वयोगटातल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. निवड त्याची. जो तिथे जाऊ शकतो त्याला मी माझा पट टिकवण्यासाठी धरून ठेवणार नाही. त्या वडिलांना मी एवढंच म्हटलं, की तुमच्या घरी जेवण झाल्यावर आपलं ताट कोण उचलतं? ते गप्प झाले. नंतर म्हणाले, “मी माझं उचलतो.” मी म्हटलं, “मग त्यालाही तुमच्यासारखंच होऊ द्या.”

पैशांचं शिकवताना आम्ही सपशेल हरलो होतो, ते सांगायला हवं. ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांना आम्ही नोटा रंगावरून शिकवायचो. पन्नासची जांभळी, शंभरची निळी. वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं. नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा आमच्या मुलांना फार फरक पडला नाही, पाचशेपर्यंत त्यांची मजल नव्हतीच. खरा घोळ पुढे झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी पन्नासची नोट आली ती निळी. जुलै २०१८ मध्ये नवी शंभरची आली ती जांभळी. नेमकी अदलाबदल! जुन्या नोटाही चालूच. एक मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास समजून शंभर देऊन आला आणि उरलेले पैसे न घेता परतला. दुकानदार चांगला, संध्याकाळी आणून दिले. पण त्या मुलाने नंतर किती महिने नोटेला हात लावला नाही. रंग हा आधार आमचा होता, शिकवायला सोपा म्हणून निवडलेला. त्यानंतर आम्ही पुठ्ठ्याची पट्टी केली, तिच्यावर आकडा, आणि नोटेवरचा आकडा त्याच्याशी जुळवायचा. शिवाय शाळेजवळच्या तीन दुकानदारांना शिकवलं: मुलगा नोट देऊन थांबला तर घाई करू नका, सुटे त्याच्या हातावर एक एक ठेवा. मुलाला शिकवण्यापेक्षा दुकानदाराला शिकवायला कमी दिवस लागले.

घरभेटींतूनही असंच काही ना काही हाती लागलं. शाळेत आम्ही नळ सोडून हात धुवायला शिकवायचो. ‘स्वतः करतो’ अशी नोंद. घरी गेलो तर तिथे नळच नव्हता, बॅरल आणि मग होता. एका हाताने मग कलता धरून दुसरा हात धुणं हे वेगळंच काम आहे. आता शाळेच्या मोरीत बॅरल आहे, आणि भारतीय पद्धतीचा संडासही मुद्दाम तसाच ठेवलाय.

शाळेची घडी बदलणारी गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. बोलता न येणारी एक बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या डाव्या कानावर थपडा मारायला लागली. दिवसातून कितीतरी वेळा. आम्ही शास्त्राप्रमाणे तक्ता घातला: आधी काय घडलं, वर्तन काय, नंतर काय झालं. काम सांगितलं की मारते, असं दिसलं. काम टाळायला करते असा निष्कर्ष निघाला. योजना ठरली की तिने मारलं तरी काम थांबवायचं नाही. दोन आठवडे आम्ही ती नेटाने पाळली. मग एके दिवशी जेवण भरवणाऱ्या मावशी माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत यायला संकोचत होत्या. म्हणाल्या, “मोठ्या बाई, पोरीच्या कानाला वास येतोय.”

कान फुटला होता. आतून पू. खाली वाकून काम करायला लावलं की ठणका वाढत होता.

दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांतली प्रत्येक नोंद माझ्या सहीची आहे. तो तक्ता मी फाडला नाही, ठेवलाय. नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी तोच दाखवते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: कुठलंही नवं वर्तन दिसलं की आधी कान, दात, पोट, पाळी, मग तक्ता. आणि आयईपीच्या बैठकीला त्या मुलाच्या मावशी किंवा काळजीवाहक हजर असल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. त्या शेवटी बोलत नाहीत, आधी बोलतात. सुरुवातीला काही शिक्षकांना ते रुचलं नव्हतं. पदव्या आमच्याकडे, विशेष शिक्षकांना लागणारी पुनर्वसन परिषदेची नोंदणी आमच्याकडे. पण मुलाच्या अंगाला दिवसभर ज्यांचा हात असतो त्यांच्या डोळ्यांपुढे कोष्टक नसतं. त्यांना मूलच दिसतं.

पाळीचा उल्लेख आलाय तर थांबते, कारण यावर आपल्याकडे अजून कुजबुजतच बोललं जातं. फेब्रुवारी १९९४ मध्ये मी पुण्यात शिकत असताना शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रिया करून काढल्याचं उघडकीला आलं. कारण दिलं गेलं ते त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. आमच्या वर्गात त्यावर भांडणं झाली. एक मैत्रीण म्हणाली होती, वसतिगृहात रात्रपाळी करून बघ, मग बोल. मला तिला उत्तर देता आलं नव्हतं.

उत्तर चौदा-पंधरा वर्षांनी द्यावं लागलं, एका आईला. ती विचारायला आली, “बाई, हिची पिशवी काढून टाकू का?” मुलगी तेरा वर्षांची. आई शेतमजूर. महिन्यातले पाच दिवस तिची रोजंदारी बुडायची, पोरगी कपडे भरवून घराबाहेर येऊन उभी राहायची, शेजारची पोरं हसायची. आईच्या प्रश्नात क्रूरपणाचा लवलेश नव्हता, होता तो थकवा. मी तिला कायदा सांगितला नाही (आज सांगता येईल: २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही). मी म्हटलं, एक वर्ष द्या मला.

कापडी बाहुली घेतली, कुंकवाचं पाणी घेतलं, आणि शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली. कागदात गुंडाळलेली पुडी झाकणाच्या डब्यात टाकायची. एवढंच, दोन महिने. मग गुंडाळणं. मग काढणं. नवं पॅड लावणं शेवटी, कारण चिकटपट्टीची बाजू कळणं सगळ्यात अवघड. चड्डीवर आतून रंगीत दोऱ्याने चौकोन शिवून दिला, पॅड त्यात बसवायचं. पाळीच्या दिवसांत आई जे घरी करायची तेच शाळेत, त्याच शब्दांत. चौदा महिने लागले, म्हणजे माझ्या शब्दापेक्षा दोन जास्त. आई थांबली. ती थांबली याचं श्रेय शाळेच्या अहवालात माझ्या नावावर आहे, ते चूक आहे.

या क्षेत्रात बऱ्याच वाटा आयांनीच पाडल्या आहेत. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दाम्पत्याने आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला, त्यातून शिवडीची जय वकील शाळा उभी राहिली. नाशिकला १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं, तेही स्वतःच्या मुलाला शाळा मिळेना म्हणून. आमच्या सांगलीकडच्या आयांना ही नावं ठाऊक नसतात. त्यांच्या ओठांवर असतो तो एकच प्रश्न, आणि तो प्रत्येक पालकसभेत येतो: “आमच्या माघारी ह्याचं कसं?”

त्याला मी कधीही ‘सगळं ठीक होईल’ असं उत्तर दिलेलं नाही. कागदपत्रांचं सांगते, कारण ते तरी हातात आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचंही कायदेशीर पालकत्व संपतं, हे ऐकून निम्मे पालक दचकतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. समितीवर जिल्हाधिकारी असतात, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. भावाचं नाव घालताना त्याच्या बायकोला सोबत आणा, असं मी आवर्जून सांगते. सही भावाची असते, स्वयंपाक तिच्याकडे असतो.

आणि अठरा वर्षांनंतरचा दिवस भरायला काम लागतं. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत पालकांनी मिळून कार्यशाळा चालवली आहे. सांगलीची हळद, २०१८ पासून भौगोलिक मानांकन असलेली, तिच्या पुड्या भरायच्या. मोजता न येणाऱ्यासाठी लाकडी फळीत बारा खाचा केल्या. खाचा भरल्या की डझन झाला. वजनकाट्याजवळ ‘५०’ लिहिलेलं कार्ड चिकटवलंय, वरचा आकडा आणि कार्ड सारखं दिसलं की हात थांबवायचा. संक्रांतीआधी हळदी-कुंकवाच्या वाणाच्या इतक्या ऑर्डरी असतात की मावशीसुद्धा बसतात. मिळकत फार थोडी, आणि ती अशीच थोडी राहावी हे मला मान्य नाही. पण शनिवारी पाकीट हातात पडलं की ते खिशात घालून वरून दोनदा चापटून बघणारे हात मी बघते.

तो १ ते १०० लिहिणारा मुलगाही या कार्यशाळेत येतो. २०११ पासून. त्याला हूक आणि चेन तेव्हा शिकवली, चोविसाव्या वर्षी, सहा आठवड्यांत. फक्त सहा आठवडे लागतील हे मला ठाऊक असतं तर, असं म्हणायचीही सोय नाही. मी कधी मोजलंच नव्हतं.

२०२३ च्या पावसाळ्यात त्याची आई गेली. बाराव्याला मी घरी गेले. अंगण माणसांनी भरलेलं, आत बायका बसलेल्या. मी चटईवर टेकले. कुणाला काही सांगायच्या आतच तो आतून आला. स्टीलच्या ताटलीत पाण्याचा तांब्या, दोन्ही हातांनी धरलेला. ताटली माझ्यासमोर ठेवली नाही, तसाच धरून उभा राहिला, मी तांब्या उचलेपर्यंत. मी पाणी प्यायले. त्याने रिकामा तांब्या घेतला, आत गेला. भांडी विसळल्याचा आवाज आला.

मी त्याच्या वहिनीला विचारलं, हे कधी शिकला.

“आत्यांनी शिकवलं,” ती सासूबद्दल म्हणाली. “माझं लग्न झालं तेव्हा चाललंच होतं. रोज दुपारी कामं आवरली की त्या चप्पल घालून बाहेर जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि कडी वाजवून पाहुणीसारख्या आत यायच्या. मला वाटायचं, काय हे. आधी तर त्या स्वतःच पाणी घेऊन बसायच्या, स्वतःच प्यायच्या, आणि नुसता रिकामा तांब्या भाऊजींच्या हातात द्यायच्या, आत नेऊन पालथा घालायला.”